बेसिनात गेलेले थेंब

मी विरुपाक्षच्या उजव्या डोळ्यामागची नस बोलतेय. माझी दया येत असेल तर ती तुमच्याजवळच ठेवा. मला राग आलाय आणि तोच सांगायचाय.

मी म्हणजे दहा-बारा लाख बारीक धाग्यांची जुडी. डोळ्याच्या पडद्यावर उमटलेलं मेंदूला पोचवायचं, एवढंच माझं काम. शुक्रवार पेठेतल्या याच्या दुकानात चाळीस वर्षं मी याला ज्वारीतला एकेक खडा दाखवला. त्याचं कधी कौतुक नाही.

मग काचबिंदू झाला. डोळ्यातला दाब वाढला आणि माझे कडेचे धागे सुकू लागले. डॉक्टरबाईंनी रोज एक थेंब सांगितला. हा शहाणा तपासणीच्या आधी दोन दिवस तेवढा घालायचा. दाब बरा निघायचा, मग नस का सुकतेय म्हणून बाई बुचकळ्यात पडायच्या, आणि इकडे माझी वाट लागत होती.

एकदा यानं विचारलं, "सुकलेली नस परत येती का ओ?"

बाई म्हणाल्या, "पडद्यातल्या ज्या पेशींतून हे धागे निघतात, त्यांच्या बऱ्याच जाती आहेत. काही लवकर मरतात, काही तग धरतात. त्या कशामुळे तग धरतात ते शोधून बाकीच्यांना वाचवायचं, तुटलेले धागे पुन्हा वाढवायचे, असं संशोधन चाललंय. उंदरांत थोडं जमलंय. माणसांत अजून नाही. तोवर थेंब चुकवू नका."

यानं उंदीर तेवढा ऐकला.

परवा दुकानात मित्राला, अनिलकुमारला, फुशारकीनं सांगत होता, "बायको रोज बाटली हातात देती की. मी बेसिनात पिळतो. लई आग होती. आता नस उगवायचं औषध येणारच हाय."

अनिलकुमार डोळ्यांनी खुणावत होता. याची बायको सावित्रम्मा जेवणाचा डबा घेऊन याच्या उजव्या खांद्याशी उभी होती. ती आलीय हे सांगायचं काम माझं. पण त्या बाजूचे माझे धागे मेलेत. मी गप्प राहिले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"मी दिसले न्हाय व्हय तुमाला?" ती म्हणाली.

यानं दचकून मान वळवली. बायको हातभर अंतरावर होती आणि आपल्याला दिसली नाही, हे याला तेव्हा कळलं.

तिनं आवाज चढवला नाही. "आजपासून थेंब मी घालनार. डोळा उघडा ठिवून बसायचं."

आता ती रोज घालते. मेलेले धागे त्यानं परत येणार नाहीत आणि मी याला माफ करणार नाही. उरलेल्या धाग्यांत तिचा चेहरा तेवढा मावतो, बाटली धरलेला हात मावत नाही. तो चेहरा मी याला रोज दाखवणार आहे. याला लाज वाटेपर्यंत, नाहीतर मी संपेपर्यंत.