बेंबीजवळचा ओरखडा

मी वस्तरा बोलतोय, धुळ्यातल्या एका दवाखान्यातल्या उखर्डूभाऊंचा. आवाज जरा कापतोय, सांभाळून घ्या.

भाऊंचं आधी दाढी-कटिंगचं दुकान होतं. वॉर्डात नोकरी लागली तेव्हा ते मलाही घेऊन आले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटचं पोट गुळगुळीत करायचं, हे आमचं काम. प्रत्येकाला नवं पातं. "आरशासारखं करी दिन्हं!" असं भाऊ म्हणाले की मीही चमकून घ्यायचो.

मग डॉ. ज्योत्स्ना आल्या. "वस्तऱ्यानं बारीक ओरखडे पडतात, त्यात जंतू शिरतात. केस आड येत नसतील तर काढायचेच नाहीत. आलेच तर ऑपरेशनच्या आधी मशीननं छाटायचे," त्या म्हणाल्या. कुणाचे टाके पिकले ते लिहायला त्यांनी एक वही घातली. तीन महिन्यांत टाके पिकण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. भाऊंना ते पटलं नाही. मला पटलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्यातच भाऊंच्या बायकोचं, कुंदाबाईंचं, बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आत जाळी बसवणार होते. जाळीपाशी पू झाला तर ती काढावी लागते, हे मी वॉर्डात ऐकलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घरीच भाऊंनी मला उघडलं.

"डॉक्टरबाईसनी नको सांगेल शे ना?" कुंदाबाई म्हणाल्या.

"मशीन खुंट ठेवस. मनी बायको अशी जाई का? तू गप बस."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात चुकला. बेंबीजवळ रक्ताचा थेंब आला. त्यांनी घाईघाईनं तुरटी फिरवली आणि मला खिशात टाकलं.

दवाखान्यात त्यांनी कुंदाबाईंचे कागद भरले, ओरखड्याचं मात्र सांगितलं नाही. सांगा हो, सांगा, मी खिशात तळमळत होतो. ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दारात गेली, तेव्हा कुठे त्यांनी ती धरली.

"म्याडम, थांबा. चूक व्हयनी. मीच वस्तरा फिरवी दिन्हा."

डॉक्टरांनी ओरखडा पाहिला. ओरडल्या नाहीत. "आज नाही. आधी कातडी भरू दे," एवढंच म्हणाल्या.

सकाळपासून उपाशी कुंदाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "आते तरी आयका," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी माझ्याशिवाय ऑपरेशन झालं. वहीत कुंदाबाईंच्या नावापुढे 'टाके कोरडे' असं लिहिलंय. मी आता घरी, तुरटीच्या डब्यात असतो. मला पुन्हा बाहेर काढू नका.

वही सुरू होण्याआधीची पोटं मात्र कुठंच लिहिलेली नाहीत. त्यातलं एखादं तुमच्या घरातल्या कुणाचं असेल, टाके पिकून महिना महिना झोपलेलं, तर मला माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं.