कापलेलं दीड मिनिट

फाटकाच्या साखळीत दानम्मा कुलूप अडकवत होती, तेवढ्यात समोरून एक रिक्षा गेली आणि रिक्षातून तिचाच आवाज तिच्या अंगावर आला. ‘गेट बंद म्हंजे बंद. गेट बंद म्हंजे बंद. गे-गे-गे-गेट बंद.’ मग हलगी, मग फाटकाचे गज थरथरतील अशी धाडधाड, आणि मध्येच एका बाप्याची आरोळी, ‘डीजे बबलू, नांदेड.’

फाटकाबाहेर उशिरा आलेल्या चार पोरी उभ्या होत्या. त्या एकमेकींकडं बघून फिस्सकन हसल्या.

“हसायला काय झालं गं? दहा पन्नास झाले. गेट बंद म्हंजे...”

पुढचा शब्द तिच्या तोंडातून निघेना. एकतीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य, आणि आज ते अर्ध्यावर अडकलं.

पोरी भिंतीला वळसा घालून मागं गेल्या आणि पाच मिनिटांत तोंड पाडून परत आल्या. त्यातली एक निलंग्याकडच्या बसनं येणारी. ती गजांना नाक लावून म्हणाली, “मावशी, टाकीकडच्या दाराला कडी लागलीय.”

“मग? दाराला कडी असती ती लावायलाच.”

“पण रोज तर...”

“रोजचं मला सांगू नको. पहिला तास संपला की गेट उघडंल, हापिसातून चिठ्ठी घ्या अन् वर्गात जा.”

असं बोलून दानम्मा आपल्या लोखंडी खुर्चीवर बसली. लातुरातल्या त्या मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून ती लागली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. येत्या एकतीस तारखेला ती रिटायर होणार होती. हारतुरे, साडी, एक फोटो, दोन भाषणं हे सगळं ठरलेलं होतं. न ठरलेलं तेवढं मागच्या आठवड्यात येऊन पडलं होतं, आणि ते होतं एक गाणं.

गाणं ‘दोन वेण्या’चं. दोन वेण्या म्हणजे सुकन्या आणि दीपाली, याच शाळेच्या पोरी. बारावीनंतर दोघी नांदेडला गेल्या, खोली करून राहिल्या, कॉलेज करता करता गाणी म्हणू लागल्या. पहिल्या गाण्यानंच असा काही धुरळा उडवला की शाळेतल्या अर्ध्या पोरी रिबन त्यांच्यासारखी तिरकी बांधायला लागल्या. आता त्यांचं नवं गाणं आलं होतं, आणि त्याच्या सुरुवातीलाच होता दानम्माचा आवाज. त्यांच्या बारावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी सुकन्यानं मोबाईल पुढं धरून म्हटलं होतं, “मावशी, तुमचं ते एकदा म्हणा की.” दानम्मानं हसत म्हटलं होतं. कुठं घालायचं तिथं घाला, असंही म्हटलं होतं. ते गाण्यात जाईल हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

दानम्माचा फोन बटणांचा. गाणं तिला भेटायचं ते रस्त्यात, रिक्षात, पानटपरीवर. काल संध्याकाळी तर ते थेट दारात आलं. गल्लीतून वरात चालली होती, आणि तिचा नवरा शरणप्पा शिलाई मशीन थांबवून उंबऱ्यात उभा राहिला.

“ये की बघायला. नवरदेव तुझ्या आवाजावर नाचायलाय.”

“तुम्ही गप बसा.”

“लाजतीस काय? आपल्या लग्नात बँडवाला सुदीक न्हवता. आता तू सगळ्यांच्या लग्नात हायीस.”

शरणप्पा पोट धरून हसला. दानम्मानं दार लावून घेतलं आणि भाकरी थापायला बसली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही, कारण तिच्या डोळ्यांपुढं होती नववीतली दीपाली.

त्या दिवशी शाळेत गाण्याच्या स्पर्धेची निवड होती. पहिल्याच तासाला, हॉलमध्ये. मोठ्या मॅडम नुकत्याच बदलून आल्या होत्या आणि त्यांनी दानम्माला बोलावून सांगितलं होतं की एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. दीपालीची बस उशिरा आली. पोरगी धावत आली तेव्हा दहा पंचावन्न झाले होते. गज धरून, धापा टाकत ती म्हणाली होती, “मावशी, आज माझं गाणं हाय.”

आणि दानम्मा म्हणाली होती तेच. गेट बंद म्हंजे बंद.

निवड झाली, सुकन्याचं नाव लागलं, दीपालीचं राहिलं. ती बसस्टँडवर बसून रडली असं दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून दानम्मा रोज दहा चाळीसला पाण्याच्या टाकीकडं जायची आणि तिथल्या लहान दाराची कडी काढून ठेवायची. कुणाला सांगितलं नाही. दीपाली त्या दारानं यायला लागली, तिच्या मागोमाग बसनं येणाऱ्या बाकीच्या पोरीही यायला लागल्या. दार मोडकं असेल, कडी बसत नसेल असंच त्यांना वाटत असणार, असं दानम्मा धरून चालली होती. आपण माफी मागितली नाही, तिनं माफ केलं नाही, पण पोरगी वेळेत वर्गात बसते एवढ्यावर भागलं होतं.

आणि आता हे. गे-गे-गे-गेट बंद. पोरीनं पाच वर्षं मनात धरलं आणि साऱ्या जिल्ह्यात वाजवलं. महिनाभरात आपण जाणार आणि मागं उरणार काय, तर हे. म्हणून आज सकाळी दानम्मानं रागारागानं टाकीकडच्या दाराची कडी घातली. खडूस तर खडूस.

मधल्या सुट्टीत टाकीच्या बाजूनं भांडणाचा आवाज आला. दानम्मा गेली तर दहावीच्या पोरींचे दोन तट पडलेले. नव्या गाण्यानं आणि डीजे बबलूनं केलेल्या त्याच्या रिमिक्सनं वर्गच दोन केला होता. ओरिजिनलवाल्या खिडकीकडच्या बाकांवर बसायच्या, रिमिक्सवाल्या दाराकडच्या, आणि दोन्ही तटांच्या मधल्या बाकावर बसायला कुणी धजत नव्हतं. मध्यभागी शिवानी, कमरेवर हात. ही पोरगी सहावीत असताना हजेरीला ‘हजर’ म्हणायलाही लाजायची. या वर्षी काय झालं कोण जाणे, तोंडाचा पट्टा थांबतच नव्हता.

“अगं, हलगी मिक्स ऐकून नाचता येतं, एवढंच हाय त्यात,” शिवानी म्हणत होती. “गाणं कुठंय? आधी पुरं ऐका तर.”

“तूच ऐक. आम्हांला झोप येती,” दाराकडची एक म्हणाली.

दानम्मा मध्ये शिरली तशा सगळ्या पांगल्या. शिवानीच्या हातात मोबाईल तसाच राहिला. शाळेत मोबाईलला बंदी होती आणि सापडला तर ऑफिसात जमा करणं हे दानम्माचंच काम होतं.

“आण इकडं.”

शिवानीनं निमूट दिला. मग म्हणाली, “मावशी, तुमचंच गाणं हाय ते.”

“म्हाईत हाय. साऱ्या गावाला म्हाईत हाय.” दानम्मानं मोबाईल पदराखाली धरला, दोन पावलं चालली आणि थांबली. “त्याच्याखाली लोक लिहितात म्हणं. काय लिहिलंय?”

“लई लिहिलंय.”

“वाच. गाळू नको काही.”

शिवानीनं मोबाईल परत घेतला आणि वाचू लागली. “‘रिमिक्स एक नंबर, ओरिजिनल बोअर.’ ‘पहिलं गाणं भारी होतं, नांदेडला जाऊन पोरी बिघडल्या.’ ‘लातूरवाले हजेरी लावा.’ ‘संबळ मिक्स कधी टाकतोस बबलूभाऊ.’ ‘ही बाई कोण आहे, आमच्या शाळेत पण...’” ती अडखळली.

“वाच.”

“‘आमच्या शाळेत पण असलीच एक डायन होती.’”

दानम्मानं नुसती मान हलवली.

“‘शेवटचं दीड मिनिट कशाला घातलं, कापून टाका.’ ‘शेवट ऐकून मी रडले, माझी पण बस रोज उशिरा यायची.’”

“थांब. शेवट म्हंजे?”

“शेवटचं दीड मिनिट. रिमिक्सवाल्यांनी ते कापलंय. त्यात ताल न्हाई ना, नुसती दीपालीताई म्हणती. आमचं भांडण त्याच्यावरच चाललंय की.” शिवानीनं तिच्याकडं निरखून बघितलं. “मावशी, तुम्ही ऐकलं न्हाई?”

“मी कुठून ऐकू? रिक्षात वाजतं तेवढंच.”

“अय्यो. म्हंजे तुम्ही अर्धंच ऐकलं.”

दानम्मानं घड्याळ बघितलं. सुट्टी संपायला चार मिनिटं होती. ती टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि शिवानीला शेजारी बसायची खूण केली. समोर ते लहान दार, कडी घातलेलं.

आधी तिचा आवाज आला, एकदाच, साधा. मग दोघींचं गाणं, शाळेचं, रिबनांचं, डब्यातल्या लोणच्याचं. दानम्मा कान देऊन ऐकत होती, पण हात मांडीवर घट्ट दाबलेले. मग वाद्यं एकेक करून थांबली. दीपाली एकटीच म्हणू लागली, बोलल्यासारखं, अगदी जवळून.

‘दहा पन्नासला कुलूप लागलं, बस माझी उशिरा आली,
टाकीकडच्या दाराची कडी रोज कुणी काढून ठेवली.
खुर्ची फिरवून बसायची ती, पाठ करून माझ्याकडं,
बघितलंच न्हाई म्हणायची, अन् दार तेवढं उघडं.’

आणि अगदी शेवटी पुन्हा दानम्माचाच आवाज, त्याच निरोपाच्या दिवसाचा, मागं पोरींचा कालवा. ‘पळा आता पोरींनो. बस चुकंल.’

गाणं संपलं. दानम्मानं पदरानं चष्मा पुसला, परत लावला, परत काढून पुसला.

“खुर्ची फिरवत होते मी?” ती म्हणाली.

“अजून फिरवता की. दहा पन्नासला कुलूप लावता अन् खुर्ची फिरवता. साऱ्या शाळेला म्हाईत हाय.”

“सगळ्यांला?”

“तुम्हांलाच म्हाईत न्हवतं वाटतं.”

आणि मग दानम्माला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग एवढं की तिला कट्ट्याचा आधार घ्यावा लागला. आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला हलकं वाटलं. हसता हसता ती म्हणाली, “लिही त्याच्यात. माझं नाव घालून लिही. शेवट कापू नका. दानम्मा, गेटवाली.”

शिवानीनं लिहिलं. दोघी मोबाईलवर वाकून बसल्या. मिनिटभरात उत्तर आलं आणि शिवानीनं तोंड वाकडं केलं.

“काय म्हणतंय?”

“‘मावशी, तुम्ही ग्रेट आहात, पण रिमिक्सच भारी.’”

“असू दे,” दानम्मा म्हणाली. “लेकरं नाचतात. नाचू दे.”

मग तिनं मोबाईल मागून घेतला, नियमाप्रमाणं ऑफिसात जमा केला, आणि शिवानीनं कितीही नाक मुरडलं तरी वहीत तिचं नाव लिहिलं. घंटा मात्र तिनं दोन मिनिटं उशिरा दिली. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

शाळा सुटताना मोठ्या मॅडम फाटकाशी थांबल्या. पर्स काखेत, चप्पल सावरत.

“दानम्माबाई, टाकीकडच्या दाराला कडी आहे ना?”

दानम्मा खुर्चीवरून उठली. “हाय, मॅडम.”

“नीट लागते?”

दानम्माला खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायची हिंमत होत नव्हती. “कधी लागती, मॅडम. कधी न्हाई लागत.”

“हं,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. “दुरुस्तीला माणूस बोलवायचा म्हणजे अर्ज, मंजुरी, लई कटकट. राहू द्या तशीच.” चार पावलं पुढं जाऊन त्या वळल्या. “माझ्या भाचीनं पुरं ऐकवलं मला. एकतीस तारखेला त्या दोघींना बोलावलंय नांदेडहून. वेळेत या म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला दानम्मा टाकीकडं जाऊन आली. दहा पन्नासला तिनं साखळी ओढली, कुलूप अडकवलं. बाहेर पाच पोरी धावत आल्या, त्यात ती निलंग्याकडची.

“मावशी...”

“गेट बंद,” दानम्मा म्हणाली.

“म्हंजे बंद,” पाचही जणी एका सुरात म्हणाल्या आणि न सांगता भिंतीला वळसा घालून मागं निघाल्या.

दानम्मानं चेहरा सरळ ठेवला. मग लोखंडी खुर्ची उचलली, टाकीकडं पाठ येईल अशी फिरवून ठेवली, पदर नीट केला आणि रस्त्याकडं बघत बसली.