दोन दिवसांचं काम

सुताराने पक्कडीत धरून खालच्या पायरीवरचा गालिचा ओढला, तशी इतकी धूळ उडाली की भावजय नाकाला रुमाल लावून बाहेर पळाली. ताई मात्र जिन्याशीच उभी राहिली. सात वर्षं दर रविवारी तिने हा गालिचा झाडला होता. खाली एवढं साठलं असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आईला दमा होता. डॉक्टर घरी आले तेव्हा जिन्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, आधी हे काढा. ताईने त्याच दिवशी दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या धाकट्या भावाला फोन केला. गालिचा बाबांनी स्वतः गुडघे टेकून बसवलाय, त्यांची तेवढीच खूण उरलीय, मी येईपर्यंत हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं. आईही म्हणाली, जाऊ दे, पोराचं मन मोडू नकोस. पोरगा त्यानंतरच्या चार वर्षांत दोनदा आला, दोन्ही वेळा घाईत. आई मधल्या पायरीवर बसून श्वास गोळा करायची आणि ताई तिची पाठ चोळायची. गेल्या वर्षी आई गेली.

आता भाऊ बदली घेऊन बायकोसकट घरी राहायला आला होता. बायकोला पहिल्याच आठवड्यात शिंका सुरू झाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात सुतार दारात हजर. बाबांच्या खुणेचं कोणी नावही काढलं नाही.

फार वेळ लागेल का, असं ताईने सुताराला विचारलं. त्याने कानामागची पेन्सिल काढून तेरा पायऱ्यांवर नजर फिरवली.

"पिना उपटायच्या, फळ्या बसवायच्या, पॉलिश मारायचं. दोन दिवसांचं काम, बाई."

ताईची नजर मधल्या पायरीवर गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ नव्या लाकडावरून हात फिरवत म्हणाला, "काय उजळलाय जिना! हे आधीच करायला हवं होतं."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू नको म्हणालास."

"मी?" तो खरोखरच गोंधळला. "मला नाही आठवत. आणि ताई, इथे तू होतीस ना? काढून टाकायचास."

 कारखान्यात साठ बायकांची शिफ्ट सांभाळणारी, मॅनेजरलाही तोंडावर सुनावणारी ताई. घरात मात्र धाकट्याच्या एका फोनवर चार वर्षं गप्प बसली होती. त्याचं विसरणं तिने एक वेळ सोडून दिलं असतं. पण तो बोलला ते खरं होतं, आणि ते त्याने बोलावं हे तिला सोसवेना.

महिन्याभरात तिने कारखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली. भावाने फारसं अडवलं नाही. लोक काय म्हणतील, एवढंच एकदा पुटपुटला. सामान पोचवायला मात्र तो स्वतः आला. खोकी आत ठेवून घाम पुसत उंबऱ्यापाशी घुटमळला, चहाची वाट बघत असावा. ताईने त्याला बस म्हटलं नाही.

चूक दोघांची होती, हे तिला पक्कं कळत होतं. पण स्वतःला काही दाराबाहेर काढता येत नाही. तिने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि खोकी सोडायला बसली.