भिंतीपलीकडे पोचणारा राउटर

चष्मेवाले स्टुलावर चढून, राउटर भिंतीला टेकवून उभे होते. राउटरला चार अँटेना होत्या आणि हात वर धरून धरून त्यांच्या खांद्याला कळ लागली होती.

“आता बरं, की मघाशी बरं होतं?”

दुकानात डोळ्यांपुढची भिंगं बदलताना त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना हाच प्रश्न विचारला होता. आज स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन उभी असलेली बायको गिऱ्हाईक होती.

“मघाशीही नव्हतं, आताही नाही,” ती आतून ओरडली. “अहो, घराच्या मधोमध ठेवा ना. लाइनवाला कानीकपाळी ओरडून सांगून गेलाय.”

“मधोमध ठेवला तर पलीकडे कसा पोचेल?”

पलीकडे म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये, धाकट्या भावाकडे. इतकी वर्षं दोन्ही घरांत भावाचंच वायफाय चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला भाऊ चारचौघांत म्हणाला, “दादाचं काय, त्याचं सगळं फुकटात चालतं!” सगळे हसले. चष्मेवालेही हसले, घरी येईपर्यंत हसत राहिले आणि दार लावल्यावर त्यांचा पारा चढला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

राउटर घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, “घर केवढं आहे, काका?”

“घराचं सोडा. भिंत ओलांडतो का, ते सांगा.”

दुकानदाराने पुढे केलेला साधा, बेताचा राउटर त्यांनी हातानेच मागे सारला. त्यांना नेटपेक्षा नेटवर्कच्या नावाची घाई होती. नाव ठरलेलं होतं: ‘स्वकमाई’. भावाने मोबाइल उघडला की यादीत ते त्याच्या डोळ्यांत खुपलं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

शेवटी राउटर दोन घरांमधल्या भिंतीवरच लागला. स्वयंपाकघरात नेट येईना. बायकोला बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं असलं की भिंतीला खेटून बसावं लागे. “वर्गाबाहेर काढल्यासारखी बसवलीय मला,” ती बहिणीला सांगे.

दुसऱ्याच दिवशी यादीत भावाच्या नेटवर्कचं नाव बदललेलं दिसलं: ‘लखलाभ’.

“वाचलं त्याने!” चष्मेवाले इतके खूश झाले की बायकोला वाटलं, समेटच झाला. त्यांनी लगेच ‘तोंड सांभाळ’ असं नाव ठेवलं. संध्याकाळी पलीकडून ‘आधी स्वतःचं’ आलं. मग ‘मोठा कोण’, त्यावर ‘फक्त वयाने’. अख्ख्या इमारतीतले लोक मोबाइल उघडून हे वाचत होते, पण दोघांनाही त्याची शुद्ध नव्हती.

“जिन्यात समोर आलात की माना वळवता आणि इथे दिवसभर गप्पा मारता,” बायको म्हणाली.

“गप्पा नाहीत, भांडण आहे.”

पण सकाळी उठल्यावर ते तोंड धुण्याआधी यादी बघायला लागले. नाव बदललेलं नसलं की चहात साखर कमी पडल्यासारखी वाटायची. पूर्वी त्या वेळेला भाऊ चहाला यायचा, पेपरचं मधलं पान काढून घ्यायचा आणि चुरगळून परत द्यायचा. आता पेपर सगळा घडीतच राहायचा आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

एका रविवारी सकाळी यादीत आलं: ‘चष्मा फुटला’.

चष्मेवाल्यांनी दोनदा वाचलं. यात टोमणा कुठे आहे, ते शोधलं. तो काही सापडला नाही.

“फुटला तर फुटला. गावात काय दुकानं नाहीत?” ते बायकोला म्हणाले.

भावाने आजवर दुसऱ्या कुणाच्या हातचा चष्मा घातला नव्हता आणि चष्म्याशिवाय त्याला समोरचा माणूस ओळखू येत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मोबाइल नाकाला लावून लिहिलं असणार बिचाऱ्याने,” बायको म्हणाली.

चष्मेवाले उठले. मोबाइलमध्ये राउटरचं सेटिंग उघडून त्यांनी नवीन नाव लिहिलं: ‘ये’.

“अहो, चार पावलांवर दार आहे त्याचं. जाऊन हाक मारा की.”

“मी मोठा आहे,” ते म्हणाले आणि बटण दाबलं.

नाव बदललं की राउटर बंद होऊन नव्याने सुरू व्हायचा. त्याचे दिवे विझले. चष्मेवाले त्याच्याकडे टक लावून बसले. एकही दिवा अजून लागला नव्हता, तोच दाराची बेल लागोपाठ वाजायला लागली.

दारात भाऊ होता. एक हात चौकटीवर, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात त्याच्या बायकोची.

“दादा, तुझं नाव गेलं एकदम,” तो धापा टाकत म्हणाला. डोळे बारीक करून तो खुंटाळ्यावरच्या कोटाकडे बघत होता. “मघापासून बघतोय, होतं, होतं, आणि गेलंच. वहिनी बरी आहे ना? तू बरा आहेस ना?”

चष्मेवाल्यांनी पुढे होऊन भावाचं कोपर धरलं.

“मी इकडे आहे,” ते म्हणाले. “पाय उचल. पुढे उंबरठा आहे.”