भिंतीपलीकडचा स्क्रीन

दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवताना सिद्धेश परबच्या डोक्यात भुताखेताचा विचार असायचं काही कारण नव्हतं. घाटकोपरच्या पंतनगरातल्या घरी बसून तो लग्नाच्या फिल्म एडिट करायचा. दोन मॉनिटरवर चार कॅमेऱ्यांचं शूटिंग बघायचं म्हणजे सारखी एक विंडो झाकायची आणि दुसरी उघडायची, त्याला त्याचा वीट आला होता. जुन्या कार्डाला दोनच मॉनिटर लागायचे. म्हणून त्याने त्याच कंपनीचं आणखी एक कार्ड आणलं, कॅबिनेट जमिनीवर आडवं घातलं, खट् आवाज येईपर्यंत कार्ड स्लॉटमध्ये दाबलं आणि टेबलावर चार मॉनिटर ओळीने मांडले. सुरुवातीला नवे दोन काळेच राहिले. कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा टाकल्यावर तेही उजळले.

"झकास! श्रुतिका, बघ तरी येऊन."

त्याची बायको पदराला हात पुसत आली. मॉनिटर कुठल्या क्रमाने लावलेत हे कॉम्प्युटरला सांगायचं म्हणून त्याने सेटिंग उघडलं. तिथे प्रत्येक मॉनिटरचा आकडा घातलेला एकेक चौकोन दिसतो. चौकोन पाच होते.

"टेबलावर तर चारच आहेत," श्रुतिका म्हणाली.

"होतं गं असं. कार्डाला उगाच वाटतं काहीतरी जोडलंय."

पाचवा चौकोन सगळ्यात डावीकडे होता. टेबलाच्या डावीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे चंद्रप्रकाश सावंतांचं घर. अख्खी बिल्डिंग त्यांना भाऊ म्हणायची. भाऊ मे महिन्यात गेले. त्यांची बायको शेवंतीकाकू दहिसरला लेकीकडे राहायला गेल्या, आणि तुळशीला पाणी घालायला म्हणून किल्ली श्रुतिकाकडे ठेवून गेल्या.

सिद्धेशने पाचवा चौकोन काढून टाकला. पाणी पिऊन परत आला तर तो होता तिथेच होता. जाऊ दे म्हणून तो कामाला लागला.

काम जान्हवीच्या लग्नाचं होतं. जान्हवी म्हणजे भाऊंची एकुलती एक नात. लग्न भाऊंनीच जुळवलं होतं, मुलुंडचा हॉलही त्यांनीच बघून ठेवला होता. ते गेले, आणि वर्षाच्या आत करायचं म्हणून घरच्यांनी लग्न लावून दिलं.

दुपारी फिल्मची विंडो सरकवताना ती डावीकडे निसटली. मंगलाष्टकं ऐकू येत होती, पण चारही मॉनिटरवर फिल्म कुठेच नव्हती. मग आवाज थांबला. सिद्धेशने कीबोर्डवरून विंडो परत ओढली. एका शॉटवर फिल्म थांबलेली होती. मागच्या रांगेत शेवंतीकाकू उभ्या, मुठीत अक्षता. आजूबाजूचे सगळे टाकतायत, काकूंची मूठ मात्र मिटलेली.

हा शॉट त्याने सकाळीच कापून टाकला होता.

त्याने तो परत काढला आणि या वेळी मुद्दाम फिल्म डावीकडे ढकलली. तेच कडवं वाजलं. थांबलं. कोणीतरी मागे नेल्यासारखं पुन्हा वाजलं. परत आणल्यावर पडद्यावर काकूच होत्या.

"श्रुतिका," तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊंच्या घराची किल्ली दे. आणि मी फोनवर सांगितलं की हे बटण दाब. ज्या त्या मॉनिटरवर त्याचा आकडा उमटतो याने."

सावंतांच्या घरात पडदे ओढलेले होते. टीव्हीचा प्लग काढलेला, वायर गुंडाळून वर ठेवलेली. समोर भाऊंची खुर्ची.

"दाब."

टीव्हीच्या कोपऱ्यात काळ्या चौकोनात पांढरा पाच उमटला. क्षणभर राहिला आणि विझला. सिद्धेशने पळत घरी येऊन कडी लावली.

"आत्ताच्या आत्ता ते कार्ड काढ," श्रुतिका म्हणाली.

"काकूंना विचारल्याशिवाय कसं काढू? त्यांचा माणूस आहे तो."

फोनवर त्याने एवढंच सांगितलं की टीव्हीचं काहीतरी विचित्र होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू आल्या. सगळं ऐकताना त्या ना दचकल्या ना रडल्या.

"तेंका ह्या लगीन बघूचा होता रे," त्या म्हणाल्या. "पुरा बघूंदे."

स्वतःचं दार उघडून त्या आत जाऊन बसल्या. सिद्धेशने कापलेला शॉट जागच्या जागी लावला आणि अख्खी फिल्म डावीकडे पाठवली. मग तो आणि श्रुतिका भिंतीला कान लावून उभे राहिले. सनई वाजली. मधूनमधून काकूंचा आवाज येत होता. ही कोण, तो कोणाचा, हॉल कसा होता, जेवण कसं झालं. मध्ये त्या गप्प व्हायच्या. समोरच्याने काही विचारावं इतका वेळ गप्प, आणि मग उत्तर द्यायच्या. मंगलाष्टकांपाशी फिल्म आपोआप थांबली.

"मागसून टाकलंय मी अक्षता," काकूंचा आवाज आला. "तुमका दिसूक नाय."

फिल्म पुढे सुरू झाली.

काकू परत दहिसरला गेल्या नाहीत. लेक न्यायला आली तर तिलाच चहा पाजून पाठवून दिली. सिद्धेशने मात्र दुसरं कार्ड काढून कपाटात टाकलं आणि पुन्हा दोन मॉनिटरवर काम सुरू केलं. सेटिंग उघडलं, तर चौकोन तीन होते. डावीकडचा गेला नव्हता. हे त्याने श्रुतिकाला सांगितलं नाही. माऊस तेवढा तो त्या बाजूला नेईना.

एका संध्याकाळी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा टवटवीत, केसात अबोलीचा गजरा. भाऊ गेल्यापासून त्यांनी फूल माळलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"सिद्धेश, आता दुसरा कायतरी लाव म्हणतत."

"काकू, ते कार्ड मी काढून टाकलंय."

"तां माका काय म्हायत? बसान रवलेत ते."

सिद्धेशने श्रुतिकाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तरी तीच पुटपुटली, "मॅच लाव. भाऊंना मॅच लागायची."

त्याने जुनी एक मॅच शोधली, सुरू केली आणि विंडो हळूहळू डावीकडे सरकवली. आधी अर्धी गेली, मग सगळी.

भिंतीपलीकडे कोणीतरी खुर्ची फरशीवरून फरफटत पुढे ओढून घेतली.

काकू अजून यांच्याच दारात उभ्या होत्या.