कॉलरवाली

"तो शर्ट ठेव परत," सिस्टर सुनेला म्हणाल्या, तेव्हा नातू तो अंगात घालून दुकानातल्या आरशासमोर उभाही राहिला होता.

सुनेने कॉलरीमागचं कंपनीचं नाव पाहिलं आणि सुस्कारा सोडला. एका शर्टाने काय होतंय, सगळेच घेतात, असं ती हळू आवाजात सांगून बघत होती. पण सिस्टरांपुढे कुणाची मात्रा चालत नसे. पोराच्या अंगातून शर्ट उतरला आणि तिघं हात हलवत बाहेर पडली.

सिस्टरांची उभी हयात जळीत वॉर्डात गेली होती. गेल्या साली याच कंपनीचे शर्ट शिवणाऱ्या, शहराबाहेरच्या कारखान्याला आग लागली. मुली कापड पळवतील म्हणून सुपरवायझरने दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं. वॉर्डात आणलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी घरी परत गेल्याच नाहीत. वाचलेल्यांत एक कॉलरी शिवणारी होती. सगळे तिला कॉलरवालीच म्हणू लागले. तापलेलं दार ढकलताना तिचे दोन्ही तळवे गेले होते. ड्रेसिंग बदलताना ती ओठ दाताखाली धरी, पण हूं की चूं करत नसे. सिस्टरांनी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं.

दुकानातल्या त्या प्रसंगानंतर तर सिस्टरांनी कंबरच कसली. कँटीनमध्ये, शाळेच्या फाटकाशी, भेटेल त्या बाईला त्या कॉलरवालीची हकिकत सांगत आणि बजावत, त्या कंपनीचा धागासुद्धा अंगाला लावू नका. आधी लोक हसले. मग एका वर्तमानपत्राने सगळं छापलं आणि वारं फिरलं. दुकानांत त्या शर्टांना कुत्रं विचारेना. शेवटी कंपनीने हात झटकले; त्या कारखान्याकडून यापुढे काही घेणार नाही, असं जाहीर केलं. "आई, करून दाखवलंत," असं सूनही म्हणाली, आणि सिस्टरांना त्या दिवशी आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं.

पुढे कॉलरवाली तपासणीला आली, तेव्हा सिस्टरांनी ही बातमी तिला स्वतः सांगितली. तिचा चेहरा खुलेल म्हणून त्या बघत राहिल्या.

तिला सगळं ठाऊक होतं. आगीनंतर पुन्हा सुरू झालेला कारखाना आता कायमचा बंद पडला होता. तिच्या दोघी बहिणी तिथेच शिवायच्या. मोठी परगावी कुणाची भांडी घासायला गेली, धाकटी घरी बसून होती. कंपनी आता माल दुसऱ्या देशातून आणते, तिथे म्हणे मजुरी आणखी कमी.

"शर्ट तेच आहेत, सिस्टर," ती म्हणाली. "कॉलर तेवढी नीट बसत नाही."

"अगं, पण मी तुमच्यासाठीच केलं ना."

"आम्हाला कुणी विचारलं?" तिचा आवाज चढला नाही. "आम्ही दाराचं कुलूप काढा म्हणत होतो. कारखान्याला कुलूप लावा, असं कुठे म्हणालो होतो?"

या पोरीची कहाणी सिस्टरांनी गावभर सांगितली होती. तिला मात्र एकदाही काही विचारलं नव्हतं. त्या दुसऱ्या देशातल्या कारखान्याचं दार काम चालू असताना उघडं असतं का, हेही त्यांना माहीत नव्हतं. इथल्या धुलाई विभागात तुझ्या धाकट्या बहिणीचं काही जमतंय का बघते, असं त्या कसंबसं म्हणाल्या. बघा, एवढंच ती म्हणाली.

तपासणी संपली. ती उठली आणि स्वेटर घालू लागली. बोटं अजून मिटत नव्हती. दोन बोटांच्या कडांत बटण धरायचं आणि काजात ढकलायचं. ते निसटलं. सवयीने सिस्टरांचे हात पुढे झाले.

"राहू द्या," ती म्हणाली.

दारातून पुढच्या पेशंटने आत डोकावून पाहिलं. सिस्टरांनी त्याला खुणेनेच थांबवलं आणि हात पाठीमागे बांधून, तिचं शेवटचं बटण लागेपर्यंत, तशाच उभ्या राहिल्या.