निळ्या कांडीची बहीण

मित्रांनो, मी एक जुनी कांडी आहे. खडूएवढी नाही हं, तांदळाच्या दाण्याएवढी. तुमच्या पुस्तकात मला उत्प्रेरक म्हणतात, आणि उत्प्रेरक काम करून जसाच्या तसा राहतो असंही लिहितात. लिहायला काय जातंय!

जन्मले तेव्हा मी निळी होते. अंगभर बारीक छिद्रं होती. तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या उंच टाकीत आम्हा कांड्यांना भरलं. शेजारी माझ्याच घाण्यातली बहीण होती. वरून काळं, दाट, तापलेलं तेल यायचं. त्यातलं गंधक सोडवून हायड्रोजनच्या गळ्यात बांधायचं, हे आमचं काम. खाली स्वच्छ इंधन उतरायचं. गाड्यांचा धूर कमी झाला, तेव्हा कौतुक गाड्यांचं झालं. आम्हाला कोण विचारतो?

पुढे छिद्रांत काजळी साचली आणि काम मंदावलं. "मेल्या या कांड्या, टाका खड्ड्यात," एक कामगार म्हणाला. अहो, मेलो नव्हतो, दमलो होतो. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "आधी भट्टीत काजळी जाळून बघू. नाहीच जमलं तर खड्डा आहेच."

भट्टीवर नणंद-भावजय कामाला होत्या. बहीण पहिल्या ट्रेमध्ये गेली, मी दुसऱ्यात. भावजयीने हवेची चावी पूर्ण उघडली. "एवढी काजळी मोठ्या आचेशिवाय निघायची नाही," ती म्हणाली. काजळी भडकली. बहीण बाहेर आली ती अगदी लख्ख दिसत होती. मला केवढा आनंद झाला!

नणंदेने तपासून पाहिलं. "वहिनी, वरून चकाचक आहेत, पण जास्त आचेने आतली छिद्रं मिटली. आता यांचा काही उपयोग नाही."

भावजयीचा चेहरा उतरला. "घाई नडली, ताई. दुसरा ट्रे तुम्हीच बघा."

"चावी तुमच्याच हातात राहू दे. फक्त बेताबेताने सोडा."

भावजय दिवसभर चावीपाशी बसून राहिली. हात आखडला की दुसऱ्या हाताने धरायची. माझी काजळी हळूहळू जळाली आणि मी पुन्हा निळी झाले.

आज मी टाकीत कामावर आहे. शेजारची नवी कांडी बडबडी आहे, स्वभावाने चांगली आहे. तरी बहिणीची आठवण येतेच. मित्रांनो, घरात कोणी दमलं तर त्याला टाकाऊ म्हणू नका. आणि ते सावरत असताना "झालं का, झालं का" असा धोशा लावू नका. माझ्या बहिणीला थोडा वेळ मिळाला असता, तर ही गोष्ट आम्ही दोघींनी सांगितली असती.